गंधाराच्या अलीकडे

वर माडीवर मॅन्डोलिन वाजवणारे तिघेही एकदम थांबले, आणि खाली जिन्यात जीवरामचा उचललेला पाय तसाच राहिला.

थांबणे अगदी क्षणाचे होते. षड्ज आला, ऋषभ आला, मग एक पोकळी, घोटभर पाणी गिळावे एवढी. आणि त्या पोकळीच्या पलीकडून तिघांचा गंधार एकदम उगवला, मागोमाग मध्यम आणि पंचम. उतरताना मात्र काही नाही. उतरताना सगळे सूर घरंगळत सरळ खाली आले. पुन्हा षड्ज, पुन्हा ऋषभ, पुन्हा तीच पोकळी. जीवरामने कठड्यावर हात ठेवला. रविवार असूनही जिनिंगच्या कचेरीत सकाळी हजेरी लावावी लागली होती, म्हणून आज पहिल्यांदाच त्याला उशीर झाला होता, आणि म्हणूनच आज पहिल्यांदा तो आपला वर्ग बाहेरून ऐकत होता. सदऱ्याला कापसाचे तंतू चिकटले होते. खाली गिरधरभाऊंच्या सोडावॉटरच्या दुकानात नोकर बाटल्या धूत होता आणि त्यांच्या गळ्यांतल्या गोट्या किणकिणत होत्या. केळीच्या घडांनी लादलेली एक गाडी करकरत जळगाव स्टेशनाकडे चालली होती. हे सारे त्याला ऐकू येत होते, आणि सगळे पीठ खाली पडून चाळणीत एक खडा उरावा तशी ती पोकळी तेवढी त्याच्यापाशी उरत होती. परक्या गावच्या बाजारात कुणीतरी आपल्याला घरातल्या नावाने हाक मारावी, तसे त्याला झाले. ती पोकळी त्याची होती. तो असाच वाजवत असे. आपण असे वाजवतो हे त्याला आजवर ठाऊक नव्हते, आणि तरी ऐकताक्षणी ते त्याने ओळखले होते, जसा माणूस दुसऱ्याच्या ओसरीवर पडलेला आपला जोडा ओळखतो.

त्याने उचललेला पाय हळूच खाली टेकवला. भय असावे असे त्याला वाटले. पण ते भय नव्हते, किंवा नुसते भय नव्हते. पंचावन्न सालच्या दिवाळीनंतर त्याने हा वर्ग सुरू केला तेव्हा आपल्यातले काही दुसऱ्याच्या हातात जाऊन राहील ही कल्पनाही त्याला शिवली नव्हती. तो इतका बुजरा होता की, पहिल्या दिवशी 'बसा' हा शब्द उच्चारण्याआधी त्याने दोनदा घसा साफ केला होता आणि शिकायला आलेले आपणहून बसले होते. मॅन्डोलिनचे पोट बरगडीला टेकवा, दांडी किंचित वर असू द्या. डाव्या अंगठ्याने ती नुसती पेला, कुदळीसारखी आवळू नका. उजव्या हातातली तार छेडायची नखी चिमटीत अशी धरा की पडू नये आणि दुखूही नये. हे सगळे त्याने खाली सतरंजीकडे पाहत सांगितले होते. नख्या वनाभाऊंनी कापून आणल्या होत्या. वनाभाऊ, तिघा विद्यार्थ्यांतले एक, शिंपी होते; मोडक्या सेल्युलॉइडच्या फण्यांतून काजाच्या कात्रीने त्यांनी असे सुबक तुकडे काढले की एकेकाने दोन-दोन मागून घेतले. मग तारा. आठ तारा, चार जोड्या. जोडीतल्या दोघींनी एकच बोलले पाहिजे. केवळ ही एक गोष्ट ऐकू येण्यात दोन रविवार गेले. "मास्तर, या दोघी तर सासू-सुना दिसतात," असे गिरधरभाऊ म्हणाले होते, आणि दाराशी भुईमुगाच्या शेंगा फोडत बसलेल्या यशोदाबाईंनी, ज्या वर्गात शिकणारी आपली सून प्रमिलाबाई हिच्यासोबत राखणीला येत, तिथूनच टोला दिला होता, "काऊन रे गिरधर, सासू-सुनेचं जमत नाही हे तुले कोनी सांगितलं? माह्याकडे पाह्य अन् हिच्याकडे पाह्य."

मग बोटे. दांडीवर आडव्या बसवलेल्या पितळी पडद्यावर नव्हे, पडद्याच्या जरा अलीकडे बोट दाबायचे. सूर पडद्यावर असतो पण बोटाने त्याच्या अलीकडेच थांबायचे. हे वाक्य सांगताना त्याला स्वतःलाच हुरूप येत असे. बोटांच्या टोकांना चरे पडले, फोड आले, मग कातडी टणक झाली. गिरधरभाऊ आपली बोटे गिऱ्हाइकांना दाखवू लागले. प्रमिलाबाई मुलींच्या प्राथमिक शाळेत शिकवत. त्यांच्या खडू लागलेल्या बोटांना हे नवे घट्टे पडले तेव्हा त्यांनी ते कुणाला दाखवले नाहीत, पण जीवरामने ते पाहिले होते आणि त्या दिवशी घरी जाताना तो पिंप्राळ्याच्या रस्त्याला कितीतरी लांबवर उगाच चालत गेला होता. आणि आता पुढच्या रविवारी धुळ्याला जायचे होते. तिथल्या गायनशाळेचे सुकदेवनाना यांनी निरोप धाडला होता की, मॅन्डोलिन शिकवणारा एक माणूस शाळेला पाहिजे आहे. तुम्ही कसे वाजवता ते पाहण्यात आम्हांला रस नाही, तुमचे नवखे विद्यार्थी घेऊन या, ते कसे वाजवतात ते ऐकू. नोकरी मिळाली तर कापसाच्या गाठी, ती कचेरी, नाकातोंडात जाणारा तो पांढरा भुगा, सगळे सुटणार होते. दिवसभर शिकवणे, एवढेच काम. गेले पंधरा दिवस जीवराम या एका कल्पनेने रात्रीही टक्क जागा राहत होता.

तो वर गेला. तिघांनी वाद्ये खाली ठेवून नमस्कार केला. "तुम्ही ऋषभानंतर थांबता," तो म्हणाला. इतक्या सरळपणे तो आजवर काही बोलला नव्हता.

"थांबतो तर!" गिरधरभाऊ अभिमानाने म्हणाले. "चुकवत नाही मास्तर, एकदाही."

"पण का?"

तिघांनी एकमेकांकडे पाहिले. प्रश्न परीक्षेतला असावा असे त्यांना वाटले. "मला वाटतं, गंधार हा जरा मोठा सूर," गिरधरभाऊ म्हणाले. "मोठ्या माणसाच्या घरात शिरताना आपण उंबऱ्याशी क्षणभर थांबतो ना, चपला काढायला? तसं ते असावं." वनाभाऊ म्हणाले की, त्यांना ते बाही जोडताना येणाऱ्या दुमडीसारखे वाटते, तिथे सुई न थांबवता नेली तर कापड गोळा होते. प्रमिलाबाईंनी खाली पाहत सांगितले, "मी ते स्वल्पविराम समजत होते." आणि दारातून यशोदाबाई म्हणाल्या, "मले त रोज वाटते व माय, तारीले ठसकाच लागला!"

सगळे हसले. जीवरामही हसला, आणि हसता हसता त्याला जाणवले की आपल्याला काहीतरी विलक्षण आनंद होतो आहे. आपल्या एका नकळत्या सवयीला या लोकांनी घर दिले, अर्थ दिला, तिच्यासाठी जोडे काढून ठेवले. पण त्याच आनंदाच्या पोटात एक गार बिंदू होता. त्याने प्रमिलाबाईंची मॅन्डोलिन मागितली. त्यांच्या यजमानांनी भुसावळहून रेल्वेच्या पासावर मुंबईला जाऊन ती आणली होती. नवी, मधाच्या रंगाची, पडदे असे चकचकीत की त्यांत खिडकी दिसावी. त्याने षड्ज छेडला, ऋषभ छेडला, आणि मधले बोट गंधाराच्या पडद्याअलीकडे जाऊन टेकले. आणि तिथे, त्या निर्दोष पितळेपाशी, जिथे थांबायचे काही म्हणता काही कारण नव्हते, ते बोट थांबले. दाबले. वाट पाहिली. मगच नखी तारेवर पडली. आणि या वेळी त्याने ते ऐकले.

चुडामणमामा असेच वाजवत. उन्हाळ्याच्या सुटीत फैजपूरकडच्या त्याच्या खेड्यातून आई त्याला धुळ्याला आणी, आणि संध्याकाळी अंगणात पाणी शिंपडल्यावर, ओल्या धुळीचा वास वर उठत असताना, मामा खाटेवर बसून मॅन्डोलिन घेत. मूकपटांच्या दिवसांत पडद्याखाली बसून वाजवणाऱ्या एका गोवेकर वादकाकडून त्यांनी ती घेतली होती. मामा कापसाच्या बाजारात मापाडी होते. दिवसभर मोठमोठ्याने मापे पुकारून त्यांचा आवाज बसलेला असे आणि कदाचित म्हणूनच संध्याकाळी ते बोलत नसत. ते वाजवीत. आणि एका ठिकाणी थांबत. लहानग्या जीवरामला ते थांबणे सहन होत नसे, आणि त्याच्यावाचून करमतही नसे. तो श्वास रोखून त्याची वाट पाही. एकदा त्याने विचारले होते, "मामा, तुम्ही तठी काऊन थांबता?" मामांनी आश्चर्याने त्याच्याकडे पाहिले होते. "थांबतो का मी?" एवढेच ते म्हणाले, आणि हसले. मोठ्या माणसांच्या कुजबुजीतून पुढे त्याला कळले की, तरुणपणी मामा एका नाटक मंडळीबरोबर निघून जाणार होते. सामानाची पेटी बांधून झाली होती; गाडीची शिट्टी ऐकू आली; आणि ते गेले नाहीत. का, ते कुणी सांगत नसे. तेव्हापासून जीवरामला त्या थांबण्याचा अर्थ उमगल्यासारखे झाले. ते दार होते. मामा रोज संध्याकाळी त्या दारापर्यंत जात आणि पेटी हातात घेऊन उभे राहत. मामा वारल्यावर तानुबाई मामींनी मॅन्डोलिन त्याच्या हवाली केली आणि त्या उभे राहण्यातले काहीतरीही, असे त्याला वाटे, तिच्याबरोबर आपल्याकडे आले. तो त्याला मनातल्या मनात मामांचे दुःख म्हणत असे. आपले वादन इतर कशाने नाही तरी या दुःखाने खोल आहे, असेही त्याला कधी कधी वाटे; पण ते थांबणेच आपल्या बोटांत उतरले आहे, हे मात्र आजच कळले.

त्या दुपारी खोलीवर येऊन त्याने मामांची मॅन्डोलिन खिडकीपाशी धरली आणि तारा बाजूला सारून गंधाराच्या पडद्यावरून नख फिरवले. नख अडकले. दुसऱ्या जोडीच्या खाली पितळ झिजून खोलगट झाले होते. तिथे साधे बोट टेकले तर तार पुढच्या पडद्याला घासून झणझणे. जोराने दाबले, क्षणभर धीर धरला, बोट नीट बसू दिले, तरच सूर स्वच्छ निघे. एवढेच. त्या गोवेकराच्या बोटांनी, मामांच्याही आधी, काळोख्या थिएटरात कुठल्यातरी मुक्या नायिकेच्या पळापळीला साथ देता देता हे पितळ झिजवले होते. दार नव्हते, पेटी नव्हती, शिट्टी नव्हती. जीवराम खिडकीत बसून राहिला. आपण मोठ्याने रडू असे त्याला वाटले, आणि मग लक्षात आले की आपण हसतो आहोत. एक खड्डा. एका खड्ड्यातून त्याने माणसाचे अख्खे आयुष्य उपसून काढले होते. आणि तोच खड्डा, जो विद्यार्थ्यांच्या नव्या वाद्यांवर कुठेच नव्हता, त्याने तीन माणसांच्या बोटांत नव्याने खणला होता. कसा? त्याने 'थांबा' असे कधीच म्हटले नव्हते. शिकवणे म्हणजे मग काय? आपण सांगतो ते एक असते, आणि जे जाते ते दुसरेच. या विचाराने त्याच्या अंगावर शहारा आला, आणि त्या शहाऱ्यात लाज कमी होती, उत्कंठा अधिक.

त्या आठवड्यात कचेरी सुटल्यावर तो रोज वर्ग घेऊ लागला. थांबायचे नाही, त्याने सांगितले. आणि घोटाळा झाला. तिघे नेटाने थांबायचे टाळू लागले तसे एकमेकांपासून सुटले. वनाभाऊ पुढे पळाले, गिरधरभाऊ मागे राहिले, प्रमिलाबाई मध्येच हात उचलून बसल्या. त्या पोकळीत तिघे दर वेळी एकमेकांची वाट पाहत होते हे तेव्हा जीवरामला कळले. ते त्यांचे भेटण्याचे ठिकाण होते. आणि गंमत अशी की, सुटे सुटे, अडखळत वाजवतानाही ते शेवटी पुन्हा तिथेच येऊन थांबत. जीवराम स्वतः तर प्रत्येक वेळी थांबे. त्याने डाव्या हाताच्या मनगटाला ताण दिला, नखी भराभर चालवली, पायाने ठेका धरला. पण ऋषभ संपला की त्याचे मधले बोट म्हाताऱ्यासारखे काठी टेकून उभे राही. "मास्तर," शनिवारी गिरधरभाऊ घाम पुसत म्हणाले, "होतं ते चांगलं होतं की. धुळ्याच्या लोकांना काय कळतंय? ते समजतील जळगावची रीत आहे."

"नानांना कळेल," जीवराम म्हणाला.

"मग तुम्ही उद्या वाजवूच नका. आम्हीच तिघं वाजवू. तुमचं ऐकून आमची बोटं अडतात."

हे खरे असावे असे जीवरामला वाटले. रविवारी पहाटे ते एस. टी. त बसले तेव्हा त्याने ठरवून टाकले होते की आपण वाद्याला हात लावायचा नाही, फक्त समोर बसून मानेने लय द्यायची. गाडी एरंडोल, पारोळा करीत निघाली. कपाशीच्या रिकाम्या शेतांवर ऊन उतरत होते. यशोदाबाई भाकरी-ठेच्याचे गाठोडे आणि केळी घेऊन दोन जागा अडवून बसल्या होत्या. प्रत्येक खड्ड्याबरोबर चारही मॅन्डोलिनींच्या तारा गवसण्यांच्या आत हळूच झणकारत होत्या, आणि जीवरामला वाटत होते की आपल्याच शरीरात कुठेतरी असे झणकारते आहे. त्याला भीती वाटत होती. पण तो खिडकीबाहेर पाहून पुन्हा पुन्हा हसत होता. "मास्तरले काय झालं गं?" यशोदाबाईंनी सुनेला विचारले. प्रमिलाबाई हळूच म्हणाल्या, "आमच्या पहिलीतल्या मुली परीक्षेच्या दिवशी अशाच हसतात."

गायनशाळेचा दिवाणखाना लांबट आणि उजळ होता. भिंतीशी शाळेचे विद्यार्थी, पुढे दोन-चार वयस्क मंडळी, मध्यभागी सुकदेवनाना: उंच, किडकिडीत, डोक्यावर काळी टोपी, हातात पानाचा डबा. त्यांनी फार विचारपूस केली नाही. "बसा. सुरू करा," एवढेच म्हणाले. तिघे सतरंजीवर बसले. जीवरामने चारही जोड्या एकेकाच्या वाद्यावर जुळवून दिल्या. गाडीच्या हिसक्यांनी त्या पार उतरल्या होत्या, आणि खुंटी पिळताना वाद्य हलू नये म्हणून वनाभाऊंनी आपल्या वाद्याची दांडी दोन्ही हातांनी गच्च धरून ठेवली. मग तो समोर, त्यांच्या पुढ्यात जाऊन बसला. सगळ्यांच्या नजरा त्याच्या पाठीवर होत्या आणि तीन विद्यार्थ्यांच्या त्याच्या चेहऱ्यावर. नाही, दोघांच्याच. प्रमिलाबाई उजवीकडे, खिडकीकडे पाहत होत्या. त्याने मान हलवली.

षड्ज. तिघांचा एक, गोल, पाण्यात पडलेल्या थेंबासारखा. ऋषभ. आणि जीवरामच्या सबंध देहाने, वाद्य हातात नसतानाही, श्वास रोखला. गिरधरभाऊ थांबले. वनाभाऊ थांबले. प्रमिलाबाई थांबल्या नाहीत. त्यांचा गंधार एकटाच, उघडा, कुणाचीही वाट न पाहता निघाला आणि पुढे गेला. एका क्षणानंतर दोघे दचकून धावले, मध्यमावर त्यांना गाठायला गेले, चुकले, पंचमावर कसेबसे धापा टाकत पोचले. कुणीतरी हसले. पुन्हा आरोह, पुन्हा तेच: एक बाई सरळ चालली होती आणि दोन पुरुष मागून धावत होते. पुढची छोटी धून त्यांनी त्याच फरपटीत संपवली. वादन वाईट झाले, यात शंका नव्हती. पण जीवरामच्या कानात तो एकटा, उघडा गंधार भरून राहिला होता. तो त्याच्या वर्गातून निघाला होता, आणि त्याच्या हातातून निघालेला नव्हता. त्याचे डोळे भरून आले. लोकांना ते अपमानाचे पाणी वाटले असावे.

नानांनी पान जुळवले, तोंडात टाकले, आणि त्याला जवळ बोलावले. आता ते धुळ्याच्या घरगुती बोलीत बोलत होते, म्हणजे रागावलेले नव्हते. "भाऊ, तू शिकाडस चांगला. तारा जुळेल शेतस, हात मोकळा शे. पन हाऊ खड्डा शे ना ऋषभना पुढे, तो तुन्हा शे. त्या दोन्हीस्नी तुन्हापाशीन लिधा." त्यांनी क्षणभर चघळले. "तू आठे उना ते सालभरमा बठ्ठा धुळा त्या खड्डामा पडी!" वर्षभरात अख्खे धुळे त्या खड्ड्यात पडेल, या कल्पनेने भिंतीशी बसलेली मुले खो खो हसली. नानाही हसले, पण त्यांनी जीवरामच्या खांद्यावर ठेवलेला हात काढला नाही. "आधी तो बुजाड. मंग ये. जागा तवलोंग ऱ्हाई का नई, हाई मी सांगू शकत नई."

म्हणजे नोकरी गेली होती. सोमवारी कचेरी होती, पांढरा भुगा होता, गाठी होत्या. जीवरामने हे सारे नीट समजून घेतले, नानांना वाकून नमस्कार केला आणि बाहेर उन्हात आला. गिरधरभाऊ मागून पुटपुटत आले, "आमच्यामुळं झालं मास्तर. बाई पळाल्या आणि आमचा पार फज्जा उडाला." प्रमिलाबाईंचा चेहरा उतरला होता. बसस्टँडवर गाडीला उशीर होता; निंबाखालच्या बाकावर टेकल्यावर त्या म्हणाल्या, "मास्तर, मी थांबायला पाहिजे होतं. तुमची जागा गेली."

"तुम्ही कसं केलंत ते सांगा," जीवराम म्हणाला. आपला आवाज इतका मोठा आणि अधीर निघेल असे त्याला वाटले नव्हते; शेजारच्या बाकावरचा म्हातारा वळून पाहू लागला.

"मी काही केलं नाही. तुमच्याकडे पाहिलं नाही एवढंच."

"माझ्याकडे?"

"तुम्ही गंधाराच्या आधी डोळे मिटता. नेहमी मिटता, वाजवत नसलात तरी."

"हो की!" वनाभाऊ म्हणाले. "मिटतात." गिरधरभाऊ चकित होऊन म्हणाले, "आम्हाला वाटायचं देवाचं नाव घेता! म्हणून आम्हीही दम खायचो." जीवराम आळीपाळीने तिघांकडे पाहत राहिला. म्हणजे ते कानांतून गेले नव्हते. त्याच्या चेहऱ्यातून गेले होते, जो चेहरा तो सतरंजीकडे वळवून लपवू पाहत असे. "मग तुम्ही काय पाहत होता?" त्याने विचारले.

"खिडकीबाहेर एक बाई गोधडी वाळत घालत होती," प्रमिलाबाई थोड्या ओशाळून म्हणाल्या. "ओली, जड गोधडी. तिनं ती एका झटक्यात दोरीवर टाकली. तेवढ्यात मी मध्यमावर होते."

जीवरामने मामांची मॅन्डोलिन बाजूला ठेवली. वनाभाऊंची मागून घेतली. "मला शिकवाल?" तो म्हणाला. "आत्ता. गाडी येईपर्यंत."

"घ्या व माय!" यशोदाबाईंनी कपाळाला हात लावला. "मास्तरच नापास झाला."

प्रमिलाबाईंच्या चेहऱ्यावर हळूहळू शाळेतल्या बाईंचा करारीपणा आला. त्यांनी पदर खोचला, वाद्य घेतले आणि बोटाने दाखवले. "माझ्याकडे पाठ करून बसा. हाताकडे पाहायचं नाही. डोळे उघडे. मी वाजवते, तुम्ही मागून नाही, बरोबर यायचं." तो पाठ करून बसला. समोर स्टँडचे मोकळे आवार, ऊन, उसाच्या रसाचे एक मोठ्या चाकाचे गुऱ्हाळ, पलीकडे रस्ता. षड्ज, ऋषभ, आणि तो थांबला. "थांबले!" यशोदाबाई म्हणाल्या. पुन्हा. पुन्हा थांबला. "डोळे!" प्रमिलाबाई मागून म्हणाल्या. भोवती माणसे जमू लागली. कुणी विचारले खेळ आहे का. गिरधरभाऊंनी रुबाबात सांगितले, शाळा आहे. जीवरामने नखी पुन्हा चिमटीत नीट धरली. नवख्याच्या बोटाला येते तशी एक अवघड, कोवळी वेदना त्याच्या मधल्या बोटात आली होती, जणू ते बोट आज पहिल्यांदाच तारेला लागत होते. पुन्हा षड्ज. मागून त्या बाईंचा ठाम, न वळणारा सूर. ऋषभ. समोर रसवाल्याने चाकाला हात घातला, चाक फिरले, त्याचे डोळे त्या फिरण्याबरोबर गेले. आणि गंधार कधी येऊन गेला ते त्याला कळलेच नाही. कळला तो मध्यम. अनामिका आपोआप शेजारच्याच पडद्याअलीकडे जाऊन टेकली होती आणि तार बोलली होती, स्वच्छ, मागच्या सुराला लागून, अंगणातून ओसरीवर यावे तशी. मध्यम गंधाराच्या शेजारच्याच पडद्यावर असतो. त्याने स्वतः कितीदा तरी शिकवले होते. कुणी हसले, कुणी टाळी वाजवली, यशोदाबाई काहीतरी मोठ्याने म्हणाल्या. त्याला काही ऐकू आले नाही. मध्यम इतका जवळ होता.